कॅला लिली: पाकिटावरचं वेळापत्रक नगरला चालत नाही

‘हे थंड हवेचं फूल, नगरच्या उन्हात यायचं नाही,’ असं कॅला लिलीबद्दल बरेचजण सांगतात. मुळात ही वनस्पती दक्षिण आफ्रिकेची. कडाक्याची थंडी तिलाही सोसत नाही. म्हणूनच युरोप-अमेरिकेत हिवाळ्याआधी कंद उपटून घरात ठेवतात आणि वसंतात पुन्हा लावतात. हीच सूचना कंदांच्या पाकिटावर छापलेली असते आणि आपला घोळ तिथेच होतो. मार्चमध्ये लावलेल्या कंदाला जेमतेम कोंब फुटतात, तोवर अहिल्यानगरचा पारा चाळिशीला टेकलेला असतो. आपल्याकडे वेळापत्रक उलटं करावं लागतं. ऑक्टोबर हीट ओसरली की दिवाळीच्या आगेमागे लागवड, त्यानंतर दोन-तीन महिन्यांत फुलं आणि उन्हाळाभर कंदाची विश्रांती.

ही विश्रांती ठाऊक नसल्यामुळे कितीतरी जिवंत कंद उकिरड्यावर जातात. उन्हं तापू लागली की पानं पिवळी पडतात. झाड तहानलंय असं समजून लोक पाणी वाढवतात आणि कंद कुजतो. खरं तर तेव्हा पाणी कमी करत बंद करायचं, पानं वाळू द्यायची आणि कंद काढून कोरड्या कोकोपीटमध्ये सावलीला ठेवायचा.

‘कॅलाला चिखल लागतो’ हा समज निम्मा खरा आहे. पांढरी, मोठ्या फुलांची जात मूळची पाणथळ जागेची, तिला सतत ओल चालते. पिवळ्या, गुलाबी, जांभळ्या संकरित जातींना मात्र साचलेलं पाणी मारक ठरतं. राहुरी-श्रीरामपूरकडच्या काळ्या मातीत पाणी धरून राहतं, शिवाय चुनखडी; कॅलाला हवी किंचित आम्लधर्मी, भुसभुशीत माती. ओल साचली की जिवाणूंमुळे मऊ कूज होते, कंदाचा घाण वासाचा लगदा होतो आणि मग कुठलंही औषध उपयोगी पडत नाही. त्यामुळे रंगीत कॅला थेट काळ्या जमिनीत लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आठ-दहा इंचाची, तळाला भोकं असलेली कुंडी घ्यावी. माती, कोकोपीट, कुजलेलं शेणखत आणि जाड वाळू मिसळावी. डोळे वर ठेवून कंद दोन-तीन इंच खोल लावावा. सकाळचं ऊन द्यावं, दुपारी सावली. नत्राचा मारा केला तर पानंच माजतात, फुलं कमी येतात.

पांढरी जात अकोले तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, भंडारदरा-घाटघरच्या बाजूला, रमण्यासारखी आहे. तिथला धो-धो पाऊस आणि बाकीचा अवर्षणप्रवण जिल्हा यांचं हवामान एका मापाने मोजता येत नाही. फक्त उरलेले कंद ओढ्यात फेकू नका. पश्चिम ऑस्ट्रेलियात हीच पांढरी कॅला ओढ्याकाठचं उपद्रवी तण झाली आहे.

नावात लिली असली तरी ती लिली नव्हे. अळू, सुरण यांच्या कुळातली. आपण जिला पाकळी म्हणतो ते रूपांतरित पान असतं आणि खरी, बारीक फुलं मधल्या पिवळ्या दांड्यावर असतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर सापकांद्याचा फणा दिसतो, तोही याच कुळातला. पांढरी ‘पाकळी’ जुनी होताना हिरवट झाली तर तो रोग समजू नये.

कूळ अळवाचं म्हटल्यावर खाज आलीच. कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक तोंड आणि घसा चरचरवून सोडतात. खऱ्या लिलीने मांजरांची मूत्रपिंडं निकामी होतात, तसं कॅलाने होत नाही. पण ती निर्धोकही नाही. कुंडी लहान मुलं, कुत्री-मांजरं आणि शेळ्यांपासून लांब ठेवा.

आणि विकत घेताना कंद बोटाने दाबून पाहा. मऊ लागला तर कितीही स्वस्त असो, घेऊ नका.