फ्लूची लस घ्यायची तर पावसाआधी

फ्लूचा हंगाम कुठला, असं विचारलं तर नवी मुंबईतही बहुतेक जण डिसेंबर-जानेवारी सांगतील. थंडी आणि सर्दी-तापाची जोडी आपल्या डोक्यात पक्की बसली आहे. पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था आणि देशातल्या इतर प्रयोगशाळांनी रुग्णांच्या नाका-घशातले नमुने वर्षानुवर्षं तपासले, तेव्हा मात्र वेगळंच चित्र दिसलं. श्रीनगरमध्ये साथ जानेवारी ते मार्चमध्ये वर चढते. महाराष्ट्रासह देशाच्या बऱ्याच भागात ती जून ते सप्टेंबरमध्ये, म्हणजे पावसासोबत येते. चेन्नईकडे पाऊस उशिरा, तशी साथही उशिरा. मार्च 2023 मध्ये एच3एन2 पसरला तसा एखादा उन्हाळ्याच्या तोंडचा उठाव मधूनच होतो, पण आपल्या भागातला मुख्य काळ पावसाळ्याचाच. 2009च्या ऑगस्टमध्ये देशातला पहिला बळी पुण्यात घेणारा एच1एन1, ज्याला आपण अजून ‘स्वाइन फ्लू’ म्हणून घाबरतो, तोही आता दरवर्षी फिरणाऱ्या नेहमीच्या विषाणूंपैकीच एक आहे. तेव्हा लस ऑक्टोबरात आठवणं म्हणजे साथ ओसरल्यावर जागं होणं.

जगभरच्या शहरांच्या नोंदी ताडून पाहिल्या तर फ्लूला दोन प्रकारची हवा मानवते: थंड-कोरडी आणि दमट-पावसाळी. दुसऱ्या प्रकारात माणसांच्या एकत्र कोंडण्याचा वाटा मोठा असावा, आणि तो आपल्याकडे डोळ्यांना दिसतो. सर आली की हार्बरच्या डब्यातल्या खिडक्या धडाधड बंद होतात, दारातली गर्दी आत सरकते आणि पनवेलपासून सीएसएमटीपर्यंत सव्वा तासाहून जास्त वेळ सगळे एकमेकांनी सोडलेला श्वास घेत राहतात. त्याच सुमारास, जूनच्या मध्यावर शाळा उघडतात. फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच विषाणू सोडू लागतो, लहान मुलं तर मोठ्यांपेक्षा जास्त दिवस सोडतात. म्हणून ‘आजारी पडलो तर घरी बसेन’ एवढ्यावर भागत नाही. अर्थात, ताप असताना घरीच राहावं आणि खोकताना तोंडावर रुमाल किंवा मास्क असावा, हे आहेच.

लसीवरचा सगळ्यात वजनदार आक्षेप असा, की ती पुरती लागू पडत नाही. हे खरं आहे. लसीतले विषाणू आणि फिरणारे विषाणू चांगले जुळले, त्या वर्षीही डॉक्टरकडे जावं लागेल इतका फ्लू होण्याचा धोका साधारण 40 ते 60 टक्क्यांनी कमी होतो. पण हा आकडा कशाशी ताडायचा? गोवराचा एक रुग्ण, कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, बारा ते अठरा जणांना आजार देतो. हंगामी फ्लूचा रुग्ण सरासरी सव्वा-दीड जणालाच देतो. तो आकडा एकाच्या खाली आणला की साथ आपोआप विझू लागते. इतक्या मंद आगीला अर्धीमुर्धी लसही पुरून उरू शकते, मात्र ती पुरेशा लोकांनी घेतली पाहिजे. कॅनडातल्या हटराइट पंथाच्या वस्त्यांमध्ये हे तपासून पाहिलं गेलं: काही वस्त्यांतल्या मुलांना फ्लूची लस दिली, काहींतल्या मुलांना दुसरीच. 2010 साली निकाल आला, तेव्हा फ्लूची लस दिलेल्या वस्त्यांत लस न घेतलेल्या माणसांनाही सुमारे 60 टक्के संरक्षण मिळालं होतं. जपानने कित्येक वर्षं शाळकरी मुलांना ही लस दिली. त्या काळात म्हाताऱ्यांचे हिवाळी मृत्यू घटले आणि कार्यक्रम बंद झाल्यावर पुन्हा वाढले. माझ्या मते या लसीची खरी किंमत इथे आहे. नेरूळच्या शाळेतल्या मुलाला टोचलेली सुई त्याच्या मधुमेही आजीच्या फुप्फुसांसाठीही असते.

‘टोचून घेतली तरी ताप आलाच,’ ही तक्रारही ऐकू येते. पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया, लेप्टो आणि सर्दीचे डझनभर विषाणू एकाच वेळी फिरत असतात, आणि फ्लूची लस फक्त फ्लूसाठी आहे. दंडात टोचतात त्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिने फ्लू होऊ शकत नाही. दंड दुखतो, एखादा दिवस कणकण वाटते, एवढंच. खर्चाचा मुद्दा मात्र टाळता येणार नाही. लस दरवर्षी घ्यावी लागते आणि खासगी दवाखान्यात चार माणसांच्या घराला ती जड जाते. गरोदर स्त्रिया, मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना ती मोफत देण्याचं धोरण महाराष्ट्राने स्वीकारलं, ते योग्यच होतं. वाशीच्या एपीएमसीतले माथाडी कामगार आणि पालिका शाळांतली मुलं यांनाही त्यात घ्यायला हवं, कारण साथीचे धागे तिथूनच सगळ्या शहरात जातात.

वेळेचं गणित मात्र आधीच मांडावं लागतं. लसीचे घटक जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा ठरवते, उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिणेसाठी सप्टेंबरात. आपण उत्तर गोलार्धात असलो तरी पावसाआधी मिळू शकणारी ताजी लस दक्षिणेची असते. म्हणून एप्रिल-मेमध्ये डॉक्टरांकडे खोक्यावरचा हंगाम आणि मुदत पाहून घ्यावी. टोचल्यावर प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन आठवडे लागतात. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदाच लस देणार असाल, तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. म्हणजे पहिला परीक्षा संपल्या संपल्या, गावी जाण्याआधी, आणि दुसरा मे संपायच्या आत.