कोंबड्याने आखलेली सीमा

शाळेच्या मुख्याध्यापकाने मद्यावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण आमचे कुतूहल पेल्यातील द्रव्यापुरते नाही. ज्या भूमीने त्याला नाव दिले, तिच्या सीमेचे आहे. इटलीच्या तोस्काना प्रांतात फ्लॉरेन्स व सिएना या नगरांच्या मधल्या डोंगराळ मुलखाला कियांती म्हणतात, आणि तेथील तांबड्या, गोडी न उरलेल्या वाइनलाही तेच नाव आहे.

मध्ययुगात ही दोन्ही नगरे हाडवैरी. सीमेचा तंटा मिटेना, तेव्हा म्हणे असे ठरले की, पहाटे कोंबडा आरवताच दोन्हीकडून एकेक घोडेस्वार निघावा आणि त्यांची गाठ पडेल तेथे सीमा मानावी. सिएनाकरांनी आपला पांढरा कोंबडा चारून धष्टपुष्ट केला. फ्लॉरेन्सकरांनी काळा कोंबडा उपाशी कोंडला. भुकेला जीव उजाडण्यापूर्वीच ओरडू लागला आणि फ्लॉरेन्सचा स्वार पार सिएनाच्या वेशीजवळ येऊन ठेपला! कथा ती कथाच. सीमा इतक्या सहज ठरत्या, तर आणखी काय हवे होते? पण तो काळा कोंबडा १९२४ साली तेथील उत्पादकांच्या संघाने आपली खूण म्हणून घेतला.

लेखी सीमा आखली ती १७१६ साली, ग्रँड ड्यूक तिसऱ्या कोसिमो मेदिचीच्या फर्मानाने. पुढे नावाला भाव आला, तसा आजूबाजूचा मुलूखही ते नाव लावू लागला. १९३२ साली तर सरकारनेच कियांतीची हद्द कितीतरी वाढविली. मूळच्या गावांच्या वाट्याला ‘क्लासिको’ हे उपपद तेवढे आले. स्वतंत्र दर्जा मिळायला १९९६ साल उजाडले.

इटलीचे एकीकरण शिकविताना आम्ही मुलांकडून माझिनी, गॅरिबाल्डी, काव्हूर ही नावे घोकून घेतो. काव्हूरनंतर १८६१ साली पंतप्रधान झालेला बॅरन बेत्तिनो रिकासोली मात्र सहसा राहूनच जातो. या गृहस्थाने ब्रोलिओच्या गढीत अनेक वर्षे प्रयोग करून १८७२ साली एका प्राध्यापकाला पत्राने मिश्रण कळविले: सुगंध व जोम यांसाठी सांजोवेझे, तिचा कडकपणा मऊ करण्यासाठी कानायोलो, आणि लवकर प्यायच्या वाइनमध्ये थोडी पांढरी माल्वाझिया.

हे मळे कसणारे मात्र अर्धेलीचे कुळवाडी होते. निम्मे पीक धन्याचे, निम्मे कुळाचे. द्राक्षवेली झाडांवर चढवायच्या, मधल्या पट्ट्यांत गहू पेरायचा, बांधावर ऑलिव्ह राखायचे. गोल बुडाच्या बाटल्यांना गवताचे वेष्टन विणायचे काम बायका करीत. दुसऱ्या महायुद्धानंतर ही कुटुंबे शहरांतील कारखान्यांकडे निघून गेली, दगडी घरे ओस पडली. १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद झाले. आमच्याकडील कुळकायद्याची आठवण व्हावी असाच हा काळ.

त्यानंतर १९६७ साली सरकारी नियम आला. बॅरनने टिकाऊ वाइनमधून पांढरी द्राक्षे वगळायला सांगितले होते. नियमाने ती किमान दहा टक्के सक्तीची केली! वाइन पातळ झाली, नाव उतरले. आन्तिनोरी घराण्याने १९७१ च्या हंगामाची आपली तिन्यानेल्लो ही उंची वाइन कियांतीचे नाव टाकून साधी ‘जेवणाची वाइन’ म्हणून विकली. क्लासिकोत पांढऱ्या द्राक्षांना पुरती बंदी झाली ती २००६ साली. आज तेथे किमान ऐंशी टक्के सांजोवेझे लागते.