चुन्याचा बागुलबुवा

इंग्लंडातल्या मराठी घरांत ऑक्टोबर लागला, की बागेच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं: "आमच्याकडे हीदर होणार नाही हो, आमची जमीन चुनखडीची." बोलणाऱ्याचं घर चिल्टर्न टेकड्यांच्या आसपास असतं. कुदळ मारली की पांढरा खडू आणि गारगोट्या वर येतात. हीदरला आम्लधर्मी माती लागते म्हणजे लागतेच, असं त्याला कुणीतरी ठासून सांगितलेलं असतं. मग तो एक तर नाद सोडतो, नाही तर दर वर्षी आम्लधर्मी कंपोस्टची पोती आणून खड्ड्यांत रिकामी करतो. आणि हे सगळं हिवाळी हीदरसाठी! जे झाड मुळात चुनखडीच्या डोंगरांवर वाढतं, त्याच्यासाठी!

गैरसमज निव्वळ खोटा असता तर एव्हाना मेला असता. तो अर्धा खरा आहे, म्हणून टिकून आहे. ऑगस्टमध्ये स्कॉटलंड आणि यॉर्कशरची माळरानं ज्यानं जांभळी होतात, ते हीदर म्हणजे कॅल्युना व्हल्गॅरिस. त्याला खरोखरच आम्लधर्मी जमीन लागते. उन्हाळ्यात फुलणाऱ्या एरिका सिनेरियाचंही तेच. जमिनीचा सामू सातच्या वर गेला की मातीतलं लोह अविद्राव्य होतं. ते मातीत असतं, पण मुळांच्या हाती लागत नाही. नवी पानं पिवळी पडतात, वाढ खुंटते आणि झाड हळूहळू संपतं. आपल्याकडे चुनखडीच्या रानात उसावर केवडा पडतो आणि शेतकरी हिराकस फवारतो, तोच हा प्रकार. तेव्हा खडूच्या जमिनीत कॅल्युना लावू नका, हा सल्ला बरोबरच आहे.

चूक होते ती पुढे. कॅल्युनाचा नियम उचलून "हीदर" नावाच्या प्रत्येक झाडाला लावला जातो. गार्डन सेंटरवाले त्यात भर घालतात. सगळी हीदरं एकाच मांडणीवर, शेजारी इरिकेशियस, म्हणजे आम्लधर्मी, कंपोस्टची चळत, वर "आम्लप्रेमी झाडे" अशी पाटी. त्या पाटीखाली नोव्हेंबर ते एप्रिल फुलणारी एरिका कार्नियाही बिचारी निमूट बसलेली असते.

या कार्नियाचं माहेर स्कॉटलंड नव्हे. ती आल्प्सची, ॲपेनाइन्सची आणि बाल्कन डोंगरांची. तिथे ती पाइनच्या विरळ रानात, चुनखडी आणि डोलोमाइटच्या उतारांवर सतरंजी अंथरल्यासारखी पसरते आणि बर्फ वितळताना फुललेली दिसते. पायाखाली पांढरा खडक असताना जे झाड शतकानुशतकं सुखानं नांदतंय, त्याला आपण चुन्यापासून वाचवायला निघालो आहोत. बागांमधलं 'स्प्रिंगवुड व्हाइट' हे पांढरं वाणही इटलीच्या डोंगरावरून आणलेलं. ते आणणाऱ्या बाईंच्या स्कॉटलंडमधल्या घराचं नाव त्याला मिळालं, आणि लोक ते स्कॉटिश समजू लागले.

दुसरं हिवाळी हीदर म्हणजे एरिका डार्लेयेन्सिस. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डर्बीशरमधल्या डार्ली डेल इथल्या एका रोपवाटिकेत आपसूक झालेला हा संकर. आई-बापांपैकी एक कार्निया, दुसरी एरिका एरिजेना. एरिजेना आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, स्पेनमध्ये आणि पोर्तुगालमध्ये वाढते, आणि तीही चुना सोसते. दोन्हीकडून चुना पचवणारं रक्त आलेलं पोर चुन्याला कशाला घाबरेल?

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचं हीदरविषयीचं मार्गदर्शन उघडा. कार्निया, डार्लेयेन्सिस आणि एरिजेना अल्कधर्मी जमीन सोसतात, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. ही काही कालची बातमी नाही, हीदरवरच्या जुन्या पुस्तकांतही ती आहे. पण पुस्तकाचं पहिलंच वाक्य "हीदरना आम्लधर्मी माती आवडते" असतं, अपवाद चार पानांनंतर येतो, आणि तिथवर वाचतो कोण?

बरं, पोती ओतून साधतं तरी काय? खडूच्या जमिनीत खड्डा घेऊन आम्लधर्मी कंपोस्ट भरलं, तर चारही बाजूंनी चुनायुक्त पाणी आत झिरपतं, गांडुळं कडेची माती आत आणतात आणि आपण नळाचं जड पाणी वरून घालतोच. काही वर्षांत खड्ड्याचा सामू शेजारच्या जमिनीइतका होऊन बसतो. गंधक टाकणाऱ्यांचं तर विचारूच नका. जमिनीतले जिवाणू गंधकाचं आम्ल करतात, हे खरं. पण हे आम्ल आधी चुनखडी विरघळवण्यात खर्ची पडतं आणि खाली खडूचा अख्खा डोंगर आहे. डब्याभर गंधकानं तो हटणार आहे का? त्यातून कंपोस्ट पीटचं असलं, तर हजारो वर्षांत साचलेली दलदलीची जमीन खरवडून आपण अशा झाडाखाली घालतो ज्यानं ती मागितलेलीच नाही. आता पीटविरहित आम्लधर्मी कंपोस्ट सर्रास मिळतं, पण तेही कुंडीतल्या कॅल्युनासाठी ठेवा.

आपली जमीन कशी आहे ते बघायचं असेल तर चमचाभर कोरड्या मातीवर स्वयंपाकघरातलं व्हिनेगर टाका. फसफसलं तर चुनखडी आहे. फसफसलं नाही म्हणून जमीन आम्लधर्मी ठरत नाही, त्यासाठी सामू तपासायचा स्वस्त संच आणावा लागेल. शेजाऱ्याचं हायड्रेंजिया बघा, हाही एक जुना आडाखा: निळ्या जातीचं हायड्रेंजिया गुलाबी फुलत असेल तर जमीन बहुधा अल्कधर्मी.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ नका. "म्हणजे चुना घालायचा का?" असं विचारणारेही भेटले आहेत. नाही. कार्निया चुना सोसते, मागत नाही. आम्लधर्मी जमिनीतही ती तितकीच छान येते. आणि जिथे वीतभर मातीखाली लगेच खडू लागतो, तिथे कोणतंच झाड खूश नसतं. अशा ठिकाणी कुजलेल्या पालापाचोळ्याचं खत मिसळा. ते सामू बदलण्यासाठी नव्हे, ओल धरण्यासाठी.

घेताना आपण नेमकं काय घेतोय, ते मात्र पाहिलंच पाहिजे. लेबलावर शास्त्रीय नाव असतं, ते वाचा. लेबल हरवलं असेल तर काडी डोळ्यांजवळ धरा. कॅल्युनाची पानं इवल्या खवल्यांसारखी काडीला चिकटून, एकावर एक बसलेली असतात. कार्नियाची पानं सुईसारखी, काडीपासून सुटी, तीन-चारच्या घेरात. फुलं असतील तर काम आणखी सोपं: कार्नियाचं फूल म्हणजे लांबट घागर आणि तिच्या तोंडातून काळपट परागकोश बाहेर डोकावत असतात, काजळात बुडवलेल्या टोकांसारखे. एकदा पाहिलं की पुन्हा चुकत नाही.

"मी चुनखडीत लावलं आणि मेलं, हे बघा!" असं म्हणत वाळकं झुडूप पुढे करणाऱ्यांना मी एकच विचारतो: पहिल्या उन्हाळ्यात पाणी दिलंत का? हिवाळी हीदर मरतं ते बहुतेक वेळा पाण्यावाचून, चुन्यानं नव्हे. रोप कुंडीतून काढलं की मुळांचा गड्डा घट्ट असतो. तो एकदा कोरडा पडला की वरून ओतलेलं पाणी बाजूनं निघून जातं आणि आत ठणठणीत दुष्काळ. वरची माती ओली दिसते, म्हणून आपण निर्धास्त. लावण्याआधी कुंडी बादलीत बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. रोप जरा खोल लावा, इतकं की खालची पानं मातीला टेकतील. दोन रोपांत फूटभराहून थोडं जास्त अंतर ठेवा. पहिलं वर्षभर पाऊस नसेल तेव्हा आठवड्याला भरपूर पाणी द्या, नळाचं जड पाणीही चालतं. मुळं जमिनीत उतरली की मग ते आपलं आपण बघतं.

बाकीचे गैरसमज इतका वेळ खाण्याच्या लायकीचे नाहीत.

"कॉफीचा चोथा घातला की माती आम्लधर्मी होते." वापरलेल्या चोथ्यातलं बहुतेक आम्ल तुमच्या कपात गेलेलं असतं.

"हीदर नाजूक, नाताळच्या आधीच मरतं." सप्टेंबरात दारात ठेवायला म्हणून आणलेलं ते बहुधा एरिका ग्रॅसिलिस होतं. ते दक्षिण आफ्रिकेच्या केपचं, थंडीत जाणारच. कार्निया उणे वीस अंशही सोसते.

"निळं हीदर मिळतं." रंग फवारलेलं मिळतं. नवी फूट हिरवीच येईल.

"हिवाळ्यात फुललं तरी मध गोळा करायला माश्या कुठे असतात?" दक्षिण इंग्लंडात असतात. लंडनच्या बागांमध्ये ऐन हिवाळ्यात बम्बलबी पोटभर अन्न गोळा करतात, हे क्वीन मेरी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलं. मात्र शरद ऋतूत विकल्या जाणाऱ्या कॅल्युनाच्या कित्येक वाणांच्या कळ्या कधी उमलतच नाहीत. त्यांच्यावर माशीला काही मिळत नाही.

"शेणखत घालावं." नको. हे गरीब जमिनीचं झाड आहे, खाऊ घातलं तर ते लांबुळकं आणि विस्कटलेलं होतं.

"शरदात छाटावं." पुढच्या हिवाळ्याच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात, त्यामुळे शरदात कात्री लावाल तर फुलंच कापाल. फुलं वाळली की एप्रिलमध्ये, सुकलेल्या तुऱ्यांच्या जरा खाली छाटा. जुन्या उघड्या लाकडापर्यंत जाऊ नका, तिथून सहसा फुटत नाही. कार्नियाला तर छाटणी नाही केली तरी चालते.

आणि शेवटचं, भारतातून फोनवर येणारं: "आमच्या पुण्यात नर्सरीत मिळतं की हीदर, बाराही महिने फुलतं!" ते कुफिया. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं, बारीक पानांचं, जांभळ्या फुलांचं छान झुडूप, पण हीदरशी त्याचं काडीचं नातं नाही. त्याचं कूळ मेंदीचं, डाळिंबाचं आणि आपल्या तामणाचं. पुण्यात कुफियाच लावा. कार्नियाची रोपं सामानात लपवून नेऊ नका. विमानतळावरून सुटली तरी एप्रिल-मे तिला सोडणार नाही.