डब्बा वाचा, मगच इंजिनात ओता!

सकाळचे सात वाजलेत. कामरगावातून कारंज्याला कॉलेजात पोहोचायचंय. बाबांनी मोठ्या विश्वासानं गाडीची चावी हातात दिलीये. तुम्ही किक मारता, गाडी सुरू होते आणि तुम्ही सुसाट निघता. पेट्रोल किती आहे ते रोज बघता. पण ऑइल? ते शेवटचं कधी बघितलं होतं, आठवतंय?

नाही ना? मग ऑइल बदलायची वेळ आली की काय होतं तेही सांगतो. मिस्त्री विचारतो, ‘कोणतं टाकू भाऊ?’ आणि आपण म्हणतो, ‘टाका ना कोणतंही, ऑइल ते ऑइल!’ घरी ट्रॅक्टर असेल तर प्रश्नच मिटला. डब्ब्यात उरलेलं तेच ऑइल बाइकच्या पोटात जातं. दोस्तहो, इथंच गडबड होते.

तेलाशिवाय चाक चालत नाही, हे आपल्या भागात कुणाला शिकवावं लागत नाही. बैलगाडीच्या आखाला वंगण नसलं की गाडी अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल एवढी कुरकुरायची. आपल्या बांधावरची एरंडी तर थेट इंजिनापर्यंत पोहोचली होती. ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव ‘कॅस्टर ऑइल’वरूनच आलं. कॅस्टर ऑइल म्हणजे एरंडेल तेल!

आता डब्बा हातात घ्या. त्यावर १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-५० असं काहीतरी छापलेलं दिसेल. डब्ल्यू म्हणजे ‘विंटर’, हिवाळा. काश्मीरला फिरायला गेलेल्या कुणाचे तरी गुलमर्गचे फोटो तुम्ही बघितले असतील. बर्फावर पळणारी गाडी, पुढं दोन पट्ट्या, मागं फिरणारा पट्टा. ती स्नोमोबाईल. थंडीत मध घट्ट होतो तसं ऑइलही घट्ट होतं. कडाक्याच्या थंडीत ते वाहिलंच नाही, तर इंजिन सुरू होताना आतले भाग कोरडेच घासतात. म्हणून फोर-स्ट्रोक स्नोमोबाईलला सहसा ०डब्ल्यू गटातलं ऑइल लागतं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते थंडीत सहज वाहतं. ०डब्ल्यूची चाचणी उणे ३५-४० अंशाला होते, तर १०डब्ल्यूची उणे २५-३० अंशाला.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडं कुठं बर्फ पडतो? बरोबर. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. म्हणून दुसरा आकडाही समजून घ्या. १०० अंश तापमानाला ऑइल किती दाट राहतं, ते हा आकडा सांगतो. ३० पेक्षा ५० दाट.

मग उन्हाळ्यात सगळ्यांनी दाटच टाकायचं का? अजिबात नाही! बाहेर ४५ अंश असो की २५, चालत्या गाडीतलं ऑइल त्याहून कितीतरी जास्त तापतं. हा हिशोब कंपनीनं इंजिन बनवतानाच केलेला असतो. १०डब्ल्यू-३० साठी बनवलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओतलं, तर सकाळी ऑइल वरपर्यंत पोहोचायला वेळ लागतो आणि इंजिनावर विनाकारण ताण येतो, ॲव्हरेजही घटतं. आणि २०डब्ल्यू-५० मागणाऱ्या इंजिनात पातळ ऑइल टाकलं, तर गरम झाल्यावर त्याचा थर टिकत नाही. महाग ते चांगलं, दाट ते चांगलं, असं काही नसतं. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच चांगलं.

आता ट्रॅक्टरच्या ऑइलकडं वळू. डब्ब्यावर ‘एपीआय’च्या पुढं अक्षरं असतात. ‘एस’नं सुरू होणारी (एसएल, एसएम, एसएन) पेट्रोल इंजिनासाठी, ‘सी’नं सुरू होणारी (सीएफ-४, सीआय-४) डिझेलसाठी. पण बाइकवाल्यांसाठी त्याहून महत्त्वाचं एक नाव आहे, ‘जासो’. हे जपानी मानक आहे. बहुतेक गिअरच्या बाइकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. ट्रॅक्टर किंवा कारमध्ये तसं नसतं. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण आणखी कमी करणारी रसायनं असतात. इंजिनाला ती चालतात, पण क्लचप्लेटांचं काम घर्षणावरच चालतं! त्या घसरायला लागतात. ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन ओरडतं, गाडी मात्र पळत नाही. म्हणून गिअरच्या बाइकला ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ बघूनच ऑइल घ्या. बिनगिअरच्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तिच्यासाठी ‘एमबी’ असतं. ते बाइकमध्ये टाकू नका.

आजोबांची लुना अजून घरात उभी असेल, तर तिची गोष्टच वेगळी. ती टू-स्ट्रोक. तिचं ऑइल पेट्रोलमध्ये मिसळतात आणि ते पेट्रोलसोबत जळून जातं. ते २टी ऑइल आजच्या फोर-स्ट्रोक बाइकच्या इंजिनात ओतायचं नाही.

बरं, बदलायचं कधी? रोज जाऊन-येऊन ५० किलोमीटर धरा. महिन्याचे २५ दिवस कॉलेज, म्हणजे १२५० किलोमीटर झाले. तुमच्या गाडीला ३००० किलोमीटरला ऑइल बदलायला सांगितलं असेल, तर अडीच महिन्यांतच वेळ येते. ‘दिवाळीला बदललं होतं’ म्हणत उन्हाळ्यापर्यंत ओढू नका. ऑइल काळं पडलं म्हणजे लगेच खराब झालं असं नाही, ते इंजिनातली काजळी धरून ठेवतं. पण ताकासारखं पांढरट दिसलं, तर पाणी शिरलंय. लगेच मिस्त्रीकडं जा.

एवढं कराच

• आठवड्यातून एकदा सपाट जागेवर गाडी डबल स्टँडवर लावा. दोन-तीन मिनिटं चालू ठेवून बंद करा, थोडं थांबा आणि ऑइलची पट्टी काढून पुसून तपासा. पट्टी आटे फिरवून बघायची की नुसती टेकवून, ते मॅन्युअलमध्ये असतं.

• ऑइल दोन खुणांच्या मध्येच हवं. कमी पडलं तर इंजिन बसतं, जास्त झालं तर फेस होतो, धूरही येतो.

• सीलबंद डब्बा समोर फोडून घ्या. रिकामा डब्बा भोक पाडूनच भंगारात टाका, नाहीतर त्यातच नकली ऑइल भरून विकलं जाऊ शकतं.

• जुनं ऑइल नालीत, शेतात किंवा विहिरीजवळ ओतू नका. गॅरेजवाल्याकडं जमा करा.

एका ऑइल चेंजचा खर्च म्हणजे मित्रांसोबतचे दोन-चार नाश्ते. इंजिन बसलं तर बोअर-पिस्टनचं काम निघतं, गाडी कित्येक दिवस गॅरेजात पडून राहते आणि तुम्ही एसटीची वाट बघत फाट्यावर. त्यात परीक्षा तोंडावर असेल तर? आणि गाडी एकट्या तुमची थोडीच आहे, बाबांना शेतात जायला, आईला दवाखान्यात न्यायला तीच एक गाडी असते.

तेव्हा आज कॉलेजातून आलात की सीटखालचं, नाहीतर कपाटातलं मॅन्युअल शोधा. सापडलं नाही तर कंपनीच्या वेबसाइटवर बघा. ऑइलचा आकडा मोबाइलमध्ये लिहून ठेवा. आणि पुढच्या वेळी मिस्त्रीनं ‘कोणतं टाकू भाऊ?’ विचारलं की, तोच आकडा वाचून दाखवा!