जात, उत्क्रांती आणि बेटीबंदी

आंब्याची जात, बैलाची जात आणि माणसाचीही जात. मराठीत हा एकच शब्द आपण तिन्ही ठिकाणी सहज वापरतो. शब्द एक असला म्हणून वस्तू एक होत नाही. परंतु हा घोटाळा अनेकांच्या सोयीचा आहे. निसर्गाने झाडापेरांत भेद केला तसाच माणसांतही केला, हा युक्तिवाद चावडीवर ऐकू येतो तसाच सुशिक्षितांच्या बैठकीतही. उत्क्रांतिशास्त्र त्याला काय उत्तर देते, हे कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी नीट समजून घेतले पाहिजे. हे उत्तर पुढे आणण्यात विद्यार्थिदशेतील संशोधकांचा मोठा वाटा आहे.

प्रिया मूरजानी यांनी हार्वर्ड विद्यापीठात पीएच.डी. करताना केलेले एक संशोधन २०१३ साली प्रसिद्ध झाले. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील कुमारसामी थंगराज आणि लालजी सिंग हे त्यात सहभागी होते. भारतीय उपखंडातील ७३ समाजगटांची जनुके त्यांनी तपासली. बहुतेक भारतीय दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून आले, हे २००९ सालच्या संशोधनात दिसले होते. हे मिश्रण झाले केव्हा, हा पुढचा प्रश्न होता.

त्याचे उत्तर शोधण्याची रीत समजायला अवघड नाही. मूल आईबापांकडून गुणसूत्रे घेते. पुढच्या पिढीला ती मिळतात तेव्हा त्यांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. दोन रंगांच्या लांब पट्ट्या दर पिढीला कापून पुन्हा जोडाव्यात, तसे हे घडते. पिढ्या जितक्या जास्त, तितके एका रंगाचे तुकडे आखूड. म्हणून तुकड्यांची लांबी मोजली की किती पिढ्यांपूर्वी मिश्रण झाले, याचा अंदाज बांधता येतो.

हे मिश्रण सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात झाले, असे आढळले. तथाकथित उच्च जातींपासून भिल्लांसारख्या आदिवासींपर्यंत, तपासलेल्या जवळजवळ प्रत्येक गटात त्याच्या खुणा आहेत. नंतर मात्र हा ओघ आटला आणि माणसे आपापल्या गटातच लग्ने करू लागली. दोन पूर्वजसमूहांचे प्रमाण गटागटांत कमीजास्त आहे, आणि कुळाचा अभिमान मिरवणारे नेमके तेवढेच उचलतात. पण प्रमाण कमीजास्त असणे म्हणजे शुद्ध असणे नव्हे. जो स्वतःला शुद्ध म्हणवतो, त्याच्याही रक्तात दोन्ही पूर्वज आहेत.

दार बंद झाल्याचा परिणाम २०१७ सालच्या संशोधनात दिसला. नेथन नाकात्सुका हे तेव्हा हार्वर्डमध्ये विद्यार्थी होते. त्यांनी, मूरजानी यांनी आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आशियातील २६० हून अधिक गटांतील २८०० हून अधिक व्यक्तींची जनुके अभ्यासली. त्यांपैकी ८१ गट थोड्याच पूर्वजांपासून वाढले आणि आपल्यातच लग्ने करत राहिले, असे दिसले. यांतील १४ गटांची लोकसंख्या प्रत्येकी दहा लाखांहून अधिक आहे. अशा गटात आईबाप दोघांकडे एकच सदोष जनुक असण्याचा संभव वाढतो आणि एरवी दुर्मिळ असणारे आजार मुलांत उतरतात. यात त्या समाजाला हिणवण्यासारखे काही नाही. त्याची तपासणी आणि उपचार झाले पाहिजेत. पण जात ‘रक्त राखते’ म्हणणाऱ्यांनी ती रक्ताचे काय करते, हेही पाहावे.

येथे आणखी एका तरुण संशोधकाची आठवण होणे अपरिहार्य आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, २५ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीचे सार अंतर्विवाहात आहे, आणि गोत्राबाहेर लग्न करणाऱ्या समाजावर तो वरून लादला गेला, अशी त्यांची मांडणी होती. जनुके वाचण्याचे साधन तेव्हा जगात कोणाकडेही नव्हते. बेटीबंदी निसर्गाने नव्हे, माणसांनी घातली, हे बाबासाहेबांनी समाजाच्या व्यवहारावरून ओळखले.

तरीही एक सावधगिरी बाळगली पाहिजे. दार बंद झाले एवढेच जनुके सांगतात. ते कोणी बंद केले, कोणत्या ग्रंथाच्या आधाराने केले आणि बाहेर ठेवलेल्यांचे काय हाल झाले, हे त्यांत लिहिलेले नाही. त्याची साक्ष इतिहासात आणि आपल्या आजीआजोबांच्या आठवणीत आहे. शिवाय समतेची मागणी प्रयोगशाळेच्या परवानगीसाठी थांबलेली नाही. निष्कर्ष वेगळे निघाले असते, तरी अस्पृश्यता न्याय्य ठरली नसती. विज्ञान विषमतेच्या हातातील खोटा आधार काढून घेते; पुढचे काम चळवळीचे आहे.

२०२३ साली एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला. म्हणून शिक्षकांची जबाबदारी वाढते. फळ्यावर ‘जात’ हा शब्द लिहावा, आंब्याची जात आणि माणसाची जात यांतला फरक विचारावा, आणि मुलांना उत्तर शोधू द्यावे. माणसांनी घातलेली बंदी माणसांना उठवता येते, हे त्यांना तिथेच उमगेल.