टोकच सापडेना!

जुन्या दिल्लीत खारी बावली नावाचा मसाल्यांचा केवढा मोठा बाजार आहे! तिथे जडीबुटीच्या दुकानांत वाळलेली बनफ्शाची फुलं मिळतात. सर्दी-खोकला झाला की त्यांचा काढा करतात. आता ओळख पाहू, काढा रटरटा उकळला तरी त्यातलं काय टिकून राहतं?

एक इवलंसं प्रथिन!

आहे की नाही नवल? एरवी उकळत्या पाण्यात प्रथिनांची घडी विस्कटते. म्हणून तर उकडलेलं अंडं घट्ट होतं! मग हे कसं टिकतं?

समज, मैदानात २९ मुलं हात धरून रांगेत उभी आहेत. प्रथिन असंच असतं, अमिनो आम्लांची रांग! पोटातले काही पाचक रस टोकापासून एकेक गडी सोडवत नेतात. पण बनफ्शासारख्या झाडांनी काय केलं, माहितेय? पहिल्याचा हात शेवटच्याच्या हातात दिला. झालं रिंगण! आता टोक शोधा!

एवढ्यावर भागलं नाही. सहा मुलांच्या कमरा जोडीजोडीने तीन दोऱ्यांनी बांधल्या. त्यातली एक दोरी तर बाकीच्या दोघींच्या मधून ओवली! ही गाठ उकळत्या पाण्यातही सुटता सुटत नाही. या रिंगणाचं नाव सायक्लोटाइड.

गंमत ऐक! १९६०च्या दशकात लॉरेन्ट्स ग्रान हे नॉर्वेचे डॉक्टर आफ्रिकेत काँगोला होते. बाळ लवकर जन्मावं म्हणून तिथल्या बायका एका रोपाचा उकळलेला चहा पीत. उकळूनही त्याचा गुण जात नव्हता! त्यातलं प्रथिन गोल आहे हे कळायला मात्र १९९५ साल उजाडलं. आणि २०१७मध्ये आयआयटी मद्रासच्या संशोधकांनी आपल्या बनफ्शातली रिंगणं शोधून दाखवली.

कुंपणावरची निळी गोकर्ण पाहिलीयस? दिल्लीत तिला अपराजिता म्हणतात. तिच्यातही सायक्लोटाइड! पान खाणाऱ्या अळीच्या आतड्यातल्या पेशी ते फोडतात. ऑस्ट्रेलियात तर गोकर्णीच्या अर्काचं कीटकनाशक पिकांवर फवारतात.

पण मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं! इन्शुलिनची सुई का टोचावी लागते? कारण गिळलं तर पोट ते प्रथिन पचवून टाकतं. म्हणून शास्त्रज्ञ अशा नाजूक औषधांचे तुकडे या रिंगणात बसवून बघताहेत. जमलं, तर काही औषधांची सुई जाऊन गोळी येईल! प्रयोग अजून चालू आहेत.

हिवाळ्यात दिल्लीच्या बागांमध्ये पॅन्सी फुलते. ती बनफ्शाच्याच कुळातली! यंदा तिला अगदी जवळून बघ. फक्त तोंडात घालू नकोस हं!