पाऊस लिहायचा कसा?

इचलकरंजीत मी दहावीला मराठी शिकवते. ‘पहिला पाऊस’ हा विषय दिला की निम्म्या वह्यांत मोर पिसारा फुलवतो आणि धरणीमाता हिरवा शालू नेसते. यंत्रमागांच्या गल्लीत वाढलेल्या या मुलांनी मोर चित्रातच पाहिलेला असतो. पण निबंध पाठ करायला त्यांना आपणच लावतो.

विषय फळ्यावर लिहिला की मी वह्या मिटायला सांगते. आधी बोलायचं. पाऊस आला तेव्हा तू कुठं होतास? घरात कोण होतं? एक मुलगा म्हणाला, “लाइट गेली बाई, माग बंद पडले आणि रात्रपाळी करून झोपलेले आजोबा दचकून उठले.” खडखडाटात गाढ झोपणारा माणूस शांततेनं जागा होतो! हे कुठल्या गाइडात सापडणार? त्याला म्हटलं, हेच तुझं पहिलं वाक्य.

दहावीच्या मराठी ‘कुमारभारती’च्या 80 गुणांच्या पेपरात निबंधाला 8 गुण असतात. वेळ मिळतो फार तर वीस-पंचवीस मिनिटं. निबंधाच्या प्रकारांपैकी प्रसंगलेखनात बऱ्याचदा निमंत्रणपत्रिका दिलेली असते. मुलं तीच उतरवून काढतात: तारीख, स्थळ, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचं भाषण. मी विचारते, वृक्षारोपण झालं, पाहुणे गेले, दुसऱ्या दिवशी रोपाला पाणी कुणी घातलं? तिथून लेखणी चालू लागते. आत्मवृत्तात तक्रारींचा पाढा नको, एकच दिवस पुरे. भंगारात निघालेल्या मागाला त्यानं विणलेलं शेवटचं कापड आठवू दे.

वैचारिक निबंध सर्वांत अवघड. ‘मोबाइल : शाप की वरदान’मध्ये दोन्ही बाजू सारख्या मापानं लिहिल्या की मुलाचं मत हरवतं. म्हणून आधी एका वाक्यात मत, मग त्याला आपल्या घरातला, गल्लीतला दाखला.

पहिल्या खर्ड्यावर मी लाल पेन चालवत नाही. चुकण्याच्या धास्तीनं मुलं ‘खडखडाट’ सोडून ‘आवाज’ लिहितात. ऱ्हस्व-दीर्घ शेवटच्या चार मिनिटांत पाहायचं. ‘आणि’नं लांबत गेलेली वाक्यंही तेव्हाच तोडायची.

‘पाठांतर नसेल तर गुण जातील,’ असं पालक म्हणतात. पण तपासनिसाच्या हाती गठ्ठा असतो. तोच मोर पुन्हापुन्हा वाचणाऱ्याला इचलकरंजीचा पाऊस भेटला, तर तो थांबून वाचेल, असं मला मनापासून वाटतं. निबंधाचं पुस्तक आणण्याआधी जेवताना मुलाला विचारा, आज काय पाहिलंस? आणि त्याचं सांगून होईपर्यंत मध्ये बोलू नका.